बावन्न खाकी सदरे आणि एक कोट

मित्रांनो, माझ्या काळ्या अंगावर पूर्वी सोनेरी वेलबुट्टी होती. ती आता मानेच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाचा हात घासत नाही तिथं, बोटभर उरली आहे. लाकडी फळीला मधोमध चीर गेली आहे. पायट्यावरची नक्षी तळपायांनी झिजून झिजून गुळगुळीत झाली आहे. मी जळकोटची शिलाई मशीन. गावातले लोक मला 'अप्पांची मिशीन' म्हणत, आणि त्या नावाचा मला आजही अभिमान वाटतो.

अप्पा म्हणजे शरणबसप्पा तोडकरी. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागूनच जळकोटला त्यांचं कापडाचं दुकान होतं. हेच अप्पा पुढे दिल्लीच्या संसदेत सभासद झाले. फार दिवस नाही, सव्वा वर्ष. इतक्या थोड्या दिवसांच्या सभासदाची गोष्ट कोण सांगणार? म्हणून ती मी सांगते. आणि खरं म्हणजे माझी गोष्ट सांगायला लागले की त्यांची आपोआप येतेच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. मग पेंढ्यात गुंडाळून पेटीत, पेटीतून बोटीत, बोटीतून मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेनं सोलापूरला. सोलापुरातल्या एका दुकानात मी काचेआड सहा महिने उभी होते. लोक बघत आणि पुढे जात. एकोणीसशे तीस साली एके दिवशी दोन तरुण आत आले. एकाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते, तो बोलत कमी आणि कापडाला बोटं लावून बघत जास्त. ते अप्पा. दुसऱ्याच्या कानामागे सुई खोचलेली होती. तो लाडलेसाब, अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून हातानं शिवणारा शिंपी. अप्पांनी मला पसंत केलं, पण घेऊ का म्हणून विचारलं लाडलेसाबला. लाडलेसाबनं माझ्या चाकावर तळहात ठेवला, ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हटलं आणि मान हलवली. माझं नशीब त्या क्षणी ठरलं.

त्या काळी सोलापूर इंग्रजांच्या मुलखात आणि जळकोट निजामाच्या. मधल्या हद्दीवर जकातीचं नाकं होतं. आमची बैलगाडी तिथं अडवली गेली. नाक्यावरच्या अंमलदारानं माझ्यासारखं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. हे शिवणाचंच आहे, दुसऱ्या कशाचं नाही, हे दाखवा म्हणून तो अडून बसला. मग लाडलेसाबनं मला भर रस्त्यात गाडीतून उतरवलं, एका दगडावर बैठक मारली आणि अंमलदाराच्या अंगावरची शेरवानी काढून घेऊन तिचं उसवलेलं अस्तर शिवून दिलं. ती माझी पहिली शिलाई. अंमलदार शेरवानी उलटसुलट करून बघत राहिला आणि शिक्का मारायचा विसरला. अप्पांना तो मागून घ्यावा लागला.

जळकोटात माझं कौतुक झालं. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानापुढे गर्दी व्हायची. बाया भिंतीला टेकून नुसता माझा आवाज ऐकत उभ्या राहायच्या. मी शेतकऱ्यांच्या बंड्या शिवल्या, नवऱ्या मुलींच्या खणाच्या चोळ्या शिवल्या, बारशाच्या कुंच्या शिवल्या. मोहरमला हिरवे सदरे आणि बसवजयंतीला भगव्या पताका एकाच आठवड्यात माझ्या सुईखालून गेल्या आहेत. लाडलेसाब मला रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसत. अप्पांच्या पत्नी रुद्रम्मा त्यांना लाडलेभाई म्हणत, आणि ते त्यांना अक्का म्हणत. अप्पा मात्र त्यांच्या पूर्ण नावानं, लाडलेसाब, अशीच हाक मारत, वयानं दोघं बरोबरीचे असूनही.

मोठी लढाई सुरू झाली आणि कापड मिळेनासं झालं. त्या दिवसांत अप्पांचा स्वभाव गावाला कळला. दुकानात जो थोडा माल येई तो दाराआडून ओळखीच्यांना देता आला असता. अप्पांनी तसं केलं नाही. त्यांनी गावातल्या घरांची यादी केली, ज्या घरी नेसायला लुगडं नाही ते घर वर, आणि ती यादी दुकानाच्या दारावर चिकटवली. स्वतःचं घर त्यांनी शेवटी लिहिलं होतं. रुद्रम्मांचं एकच लुगडं मी दोन वर्षांत सात ठिकाणी शिवलं. त्या मला म्हणायच्या नाहीत, पण लाडलेसाबना हसून म्हणायच्या की, मूळ लुगडं कुठलं आणि ठिगळ कुठलं ते आता तुमच्या मिशीनलाच ठाऊक.

तेव्हापासून लोक अप्पांकडे कापडाशिवायही येऊ लागले. भांडणं घेऊन येत, अर्ज घेऊन येत. अप्पांना सभेत बोलता येत नसे. चार माणसांपुढे उभं केलं की त्यांचा आवाज बसायचा. पण दुकानात बसून ते जे बोलत त्यावर माणसं विश्वास ठेवत.

सत्तेचाळीस साल आलं. सोलापुरात स्वातंत्र्याचा झेंडा लागला आणि आमच्याकडे निजामाचाच अंमल राहिला. हद्द तीच होती, पण आता तिच्या एका बाजूला एक देश आणि दुसऱ्या बाजूला दुसराच कारभार. गावोगाव खाकी कपडे घातलेल्या, भाले-बंदुका घेतलेल्या टोळ्या फिरू लागल्या. लोक त्यांना नुसतं 'खाकीवाले' म्हणत. संस्थान हिंदुस्थानात सामील व्हावं असं अप्पा उघड बोलले होते. एके दिवशी दुपारी निरोप आला की त्यांच्या नावाचा हुकूम निघाला आहे आणि संध्याकाळपर्यंत त्यांना पकडायला माणसं येतील.

रुद्रम्मा तेव्हा बाळंतीण होत्या. शिवगंगा नावाची मुलगी झाली होती, अवघ्या नऊ दिवसांची. त्यांना हलवता येत नव्हतं. अप्पांना एकट्यालाच हद्दीपलीकडे जावं लागणार होतं. निघताना ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. लाडलेसाब शिवता शिवता थांबले.

"दुकान बंद करू नका," अप्पा म्हणाले. "कोण काय शिवायला आणील ते शिवा. न्हाय म्हणू नका. माझी दोन माणसं तुमच्या पदरात टाकून चाललोय."

"व्हय अप्पा," एवढंच लाडलेसाब म्हणाले.

अप्पा सोलापूरच्या बाजूला गेले आणि हद्दीवरच्या एका छावणीत राहिले. इकडून पळून जाणाऱ्या माणसांना अन्न आणि निवारा देण्याचं काम ते तिथं करत. मागे दुकानात काय झालं ते आता सांगते. ते सांगताना मला आजही जड जातं.

पंधरा दिवसांनी खाकीवाल्यांचा म्होरक्या दुकानात आला. त्यानं खाकी कापडाचा तागा माझ्या फळीवर टाकला. त्याला सदरे हवे होते. लाडलेसाबनी त्याच्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड रुद्रम्मा तान्ह्या पोरीला उराशी धरून उभ्या होत्या. लाडलेसाबनी टेप उचलली आणि त्या माणसाचं माप घेतलं.

वर्षभरात मी बावन्न खाकी सदरे शिवले. नको म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि लाडलेसाबना तोंड होतं पण त्यांनी ते मिटून घेतलं होतं. सदरे मिळत गेले म्हणून त्या लोकांनी अप्पांच्या घराला हात लावला नाही. पण ते सदरे घालून ते कुठं जातात आणि काय करतात, हे गावात सगळ्यांना कळत होतं. पलीकडच्या वाडीवर ते गेले तेव्हा महारुद्र नावाचा एक शेतकरी त्यांच्या आडवा आला. धान्याचं पेव उघडून देईना म्हणून त्यांनी त्याला त्याच्या दारातच मारलं. त्याची बायको दगडाबाई आणि दोन लहान मुली समोर होत्या. ती बातमी आली त्या दिवशी लाडलेसाबनी मला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी म्होरक्या पुन्हा कापड घेऊन आला, आणि त्यांनी पुन्हा टेप उचलली. त्यांच्या पत्नी मलनबी घरी त्यांच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत, असं त्या रुद्रम्मांना सांगत होत्या.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर उजाडला. एका सकाळी नळदुर्गच्या बाजूनं धडधड ऐकू आली. माझ्या फळीवरची कात्री हादरून खाली पडली. हिंदुस्थानची फौज आमच्या दारावरून पुढे गेली. गाड्यांमागून गाड्या, धूळच धूळ. खाकीवाले कुठल्या कुठं पळाले. लोक रस्त्यावर येऊन रडत होते, हसत होते, एकमेकांना गूळ भरवत होते. त्या आनंदात मीही होते, कारण चार दिवसांत हद्द राहणार नव्हती आणि अप्पा घरी येणार होते.

पण आनंदाच्या मागोमाग राग आला. ज्यांनी सोसलं होतं त्यांना आता कुणीतरी समोर हवं होतं. खरे गुन्हेगार पळाले होते. राहिले होते लाडलेसाबसारखे. बावन्न सदऱ्यांची गोष्ट वाडीवाडीवर पोचली होती. रुद्रम्मांनी लाडलेसाब आणि मलनबी दोघांनाही आपल्या घरातल्या कापडाच्या कोठीत ठेवलं आणि दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

अप्पा पाचव्या दिवशी आले. दाढी वाढलेली, अंग अर्धं झालेलं. वर्षभरात त्यांनी लेक पाहिली नव्हती. ती त्यांना बघून रडायला लागली. तिला मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसले आणि रुद्रम्मांनी उभ्याउभ्यानं त्यांना सगळं सांगितलं. म्होरक्या, सदरे, महारुद्र, कोठी. अप्पा ऐकत राहिले. त्यांचं ऐकून होतंय तोवर रस्त्यावर माणसं दिसू लागली.

तीसचाळीस जण असतील. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात पहार. पुढे एक बाई होती, तिच्या हातात काहीच नव्हतं. ती दगडाबाई. अप्पा आलेत हे बघून लोकांना आनंदच झाला. छावणीत राहून त्यांनी कितीतरी जणांना जगवलं होतं. अप्पा आपल्याच बाजूचे, ते शिंप्याला आपल्या हवाली करतील, असंच सगळ्यांना वाटलं. एकानं आत येऊन माझ्यावर पहार उगारलीसुद्धा. मित्रांनो, लोखंडाला भीती वाटत नाही असं समजू नका.

अप्पांनी लेकीला रुद्रम्मांकडे दिलं, पुढे आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. पहार तशीच वर राहिली.

"मशीन माझी हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच बसला होता, म्हणून लोक गप्प होऊन ऐकू लागले. "दुकान माझं. दोरा माझ्या दुकानातला. कोण काय आणील ते शिवा, न्हाय म्हणू नका, हे जाताना मीच सांगितलेलं. लाडलेसाबनी माझा शब्द पाळला. त्या खाकीनं माझं घर वाचलं."

मग दगडाबाई बोलली. ओरडून नाही.

"तुमचं वाचलं, अप्पा. आमचं बुडालं."

"व्हय," अप्पा म्हणाले. "तेच कबूल करायला उभा हाय. त्यांच्याकडं जायचं असलं तर आधी माझ्याकडं या."

अप्पा असं म्हणाले नसते तरी चाललं असतं. छावणीतला माणूस म्हणून त्यांचा मान मोठा होता. मला ठाऊक नव्हतं, शिंप्यानं परस्पर केलं, एवढं म्हणून ते मोकळे झाले असते आणि त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. तो मान त्यांनी त्या दिवशी आपल्या हातानं खाली उतरवून ठेवला. लोकांचे चेहरे बदलताना मी पाहिले.

दगडाबाईनं अप्पांकडे पाहिलं. तिनं माफ केलं नाही. माफ केलं असं ती कधीही म्हणाली नाही. "मग तुमचा गुन्हा तुमीच जपा," असं म्हणून ती वळली आणि चालू लागली. सगळ्यात जास्त जिचं गेलं होतं तीच निघाल्यावर बाकीच्यांना तिथं उभं राहता येईना. एकेक करून सगळे पांगले. पहार घेतलेला माणूस सगळ्यात शेवटी गेला.

रुद्रम्मांनी कोठीचं कुलूप काढलं. लाडलेसाब बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या अंगाला नव्या कापडाच्या खळीचा वास येत होता. अप्पा त्यांना म्हणाले, जेवून घ्या. एवढंच. दोघं एका ओळीत बसून जेवले आणि रुद्रम्मांनी वाढलं.

पुढची दोन वर्षं अप्पा वाड्यावस्त्यांवर फिरत राहिले. जळलेली घरं, पडलेल्या विहिरी, हरवलेले दाखले. जिथं खाकीवाल्यांनी लुटलं होतं तिथं ते गेले आणि नंतरच्या रागात ज्यांची घरं लुटली गेली होती तिथंही गेले. काहींना हे आवडलं नाही. पण काम करणारा माणूस म्हणून नाव झालं.

तेव्हा देशात अजून पहिली निवडणूक झाली नव्हती. दिल्लीत तात्पुरती संसद चालू होती आणि तिच्यात आमच्या संस्थानातूनही सभासद गेले होते. पन्नास सालच्या अखेरीस त्यातली एक जागा रिकामी झाली. तिथं पाठवायला कुणाचाच मिंधा नसलेला, सगळ्यांशी बोलू शकणारा माणूस हवा होता, आणि नाव निघालं अप्पांचं. तुळजापूर भागातले कार्यकर्ते कोंडीराम ती बातमी घेऊन आले. ते अप्पांचे छावणीतले सोबती. अप्पा नको म्हणाले. मला चार माणसांत बोलता येत नाही, तिथं पाचशेंत काय बोलू, असं त्यांचं म्हणणं. शेवटी रुद्रम्मा म्हणाल्या की, बोलता येणारे तिथं पुष्कळ असतील, तुम्ही ऐकून तरी या.

मग दिल्लीसाठी कोट शिवायचं ठरलं. जाड खादीचा, बंद गळ्याचा. लाडलेसाबनी मापाची टेप काढली नाही. त्यांना अप्पांचं अंग पाठ होतं. फक्त छावणीनंतर किती कमी झालंय ते त्यांनी खांद्यांवर हात ठेवून बघितलं. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या पेटीत इष्टलिंग असे. ते छातीवर दाबलं जाऊ नये म्हणून लाडलेसाबनी आतून तिथं दोन बोटं सैल जागा ठेवली. खादी इतकी जाड होती की माझ्या तीन सुया मोडल्या. पण मी आयुष्यात जेवढं शिवलं त्यात तो कोट मला सगळ्यात प्रिय आहे. बावन्न सदऱ्यांनंतर माझ्या हातून असंही काही होऊ शकलं, याबद्दल मी देवाची आणि लाडलेसाबची ऋणी आहे.

अप्पा दिल्लीहून पत्रं पाठवत. ती उर्दूत असत, कारण निजामाच्या शाळेत अप्पा उर्दूच शिकले होते, आणि रुद्रम्मांना वाचता येत नव्हतं पण लाडलेसाबना मशिदीत शिकल्यामुळे तेवढीच लिपी येत होती. लाडलेसाब माझ्यापुढे बसून वाचत आणि रुद्रम्मा दाराला टेकून ऐकत. अशा रीतीनं मी दिल्ली पाहिली. थंडी फार आहे. भाकरी मिळत नाही. मागच्या ओळीत बसतो. आठ महिने झाले, अजून तोंड उघडलं नाही, पण कान भरून आले आहेत.

नवव्या महिन्याचं पत्र लांब होतं. अप्पा बोलले होते. चार मिनिटं. त्यांनी सांगितलं होतं की आमच्या भागात शेकडो बायका एकट्या राहिल्या आहेत. काहींचे नवरे खाकीवाल्यांनी मारले, काहींचे त्यानंतर मारले गेले. मदत देताना नवरा कुणाच्या बाजूचा होता हे विचारू नये. चूल दोन्हीकडे विझलेलीच आहे. त्यांचं हिंदी म्हणजे आमची दख्खनी. ती ऐकून उत्तरेकडचे एकदोघं हसले, मग कान देऊन ऐकू लागले. बाहेर आल्यावर एका वयस्कर सभासदानं त्यांना विचारलं, आपण कुठले? अप्पांनी सांगितलं, जळकोटचा. त्या गृहस्थाला जळकोट माहीत नव्हतं, पण त्यानं अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला, असं पत्रात होतं. ती ओळ लाडलेसाबनी दुसऱ्यांदा वाचली.

त्या बोलण्याचं पुढे काय झालं? विचार चालू आहे असं एक छापील उत्तर आलं. बस.

एक्कावन्नच्या दिवाळीत अप्पा घरी आलेले असताना कोंडीराम पुन्हा आले. पहिली मोठी निवडणूक तोंडावर आली होती. अप्पा उभे राहिले तर निवडून येतील असं सगळे म्हणत होते, पण बावन्न सदऱ्यांची गोष्ट विरोधकांच्या हाती होती. कोंडीराम वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मान खाली घालूनच बोलले.

"अप्पा, सभेत एकदा एवढंच म्हणा, मला ठाऊक नव्हतं. शिंप्यानं परस्पर शिवलं. मग तिकीट तुमचंच."

"कोंडीराम, खाकीवाले शिवायला येणार हे जातानाच मला ठाऊक होतं."

"ते मला बी ठाऊक हाय. म्हणून तर आलोय."

अप्पांनी नकार दिला. ते रागावले नाहीत. त्यांनी कोंडीरामांना जेवायला थांबवून घेतलं. तिकीट दुसऱ्या एका गृहस्थाला मिळालं. भला माणूस होता, निवडून आला.

कोंडीराम गेल्यावर लाडलेसाबनी मला फडक्यानं झाकलं आणि ते अप्पांपुढे येऊन उभे राहिले. बायकोला घेऊन आपण सासुरवाडीला, आळंदला, निघून जातो, म्हणाले. आपण गावात नसलो की गोष्ट विसरली जाईल आणि अप्पांची जागा राहील. अप्पांनी अंगातला कोट काढून त्यांच्या हातात दिला.

"ह्यो मला ढिला व्हायलाय," ते म्हणाले. "जायच्या आधी दोन बोटं आत घ्या. तेवढं झालं की मग बघू."

लाडलेसाब बसले. कोट आत घेतला. आळंदची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

संसदेची मुदत संपली आणि अप्पा कायमचे गावी आले. जे दिल्लीकडे मागितलं आणि मिळालं नाही ते त्यांनी दुकानात सुरू केलं. अर्धं दुकान रिकामं केलं, सोलापूरहून दोन जुन्या मशिनी आणल्या, माझ्या शेजारी मांडल्या, आणि एकट्या बायकांना शिवण शिकवण्याचा वर्ग काढला. शिकवणार लाडलेसाब. पहिला आठवडा एकही बाई आली नाही. मग रुद्रम्मा स्वतः येऊन माझ्यापुढे बसल्या आणि शिकू लागल्या. मलनबींची विधवा भाची आली. हळूहळू सहासात जणी झाल्या.

दगडाबाई आली ती शिकायला नाही. थोरल्या मुलीचा परकर शिवून घ्यायला आली आणि ओट्याखालीच उभी राहिली. लाडलेसाबनी हात लावायचा नाही, असं तिनं रुद्रम्मांना बजावलं. रुद्रम्मांनी परकर शिवला. नेफा वाकडा झाला. तिनं तो उलटून बघितला आणि म्हणाली, मला शिकवा, मीच शिवीन.

तो वर्ग बघण्यासारखा होता. लाडलेसाब म्हणायचे, अक्का, त्यांना सांगा, कापड ओढू नका, ते आपलं आपण सरकतं. रुद्रम्मा ते तिला सांगायच्या. दगडाबाई रुद्रम्मांकडे बघून म्हणायची, त्यांना सांगा, मला कळलं. तिघं हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. असं एक वर्ष चाललं. तिचा पाय माझ्या पायट्यावर लई ताठ पडायचा आधी. मग सैल झाला. ती चांगली शिवू लागली. मुलींचे परकर, मग वाडीवरच्या बायांच्या चोळ्या, मग बाजाराच्या दिवशी बंड्या.

लाडलेसाबची नजर तेव्हा कमी होऊ लागली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एका सकाळी ते माझ्यापुढे बसले आणि सुईत दोरा ओवू लागले. दोरा नेढ्याच्या या बाजूनं जाई, त्या बाजूनं जाई. त्यांनी टोक पुन्हा ओलं केलं, पुन्हा पिळलं. बाकीच्या बायकांनी ते पाहिलं आणि आपलं लक्ष नाही असं दाखवलं. शिंप्याची नजर जाणं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. अप्पा गादीवरून बघत होते. उठावं की नाही हे त्यांनाही सुचेना.

दगडाबाई उठली. त्यांच्या हातातला दोरा तिनं घेतला, दातानं टोक तोडलं, वाकली आणि एका झटक्यात ओवला.

"बसा, लाडलेभाई," ती म्हणाली. "चालवा."

मित्रांनो, त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या सुईत दोरा तीच ओवत असे. स्वतःला काम नसलं तरी वाडीवरून येई, ओवून देई आणि जाई. लाडलेसाब पुढे अकरा वर्षं शिवत राहिले.

आता ते कुणीच नाहीत. मी एका खोलीत भिंतीशी उभी आहे. माझी तक्रार काही नाही. मला चांगली माणसं मिळाली. वाईट काम माझ्याकडून झालं तेव्हा ते स्वतःच्या नावावर घेणारा मालक मिळाला, आणि झालेलं विसरून न जाताही माझ्यापुढे बसणारी बाई मिळाली. यापेक्षा जास्त एखाद्या लोखंडाला काय मिळायचं?

तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी कोपऱ्यात उभी असेल तर तिला धुळीत ठेवू नका. आठवड्यातून एकदा दोन थेंब तेल द्या आणि चाक हातानं फिरवा, म्हणजे गंज चढत नाही. आणि घरात, शेजारी, कुणा म्हाताऱ्या माणसाला सुईचं नेढं दिसेनासं झालं असेल, तर त्यांनी बोलवायची वाट बघू नका. उठा आणि ओवून द्या.